नाकावरचा झेंडू

नरहरीची गाडी काळाच्या इतकी पुढे होती, की काळ तिच्यापर्यंत पोचलाच नाही. चार दशकांपूर्वीची, अंग फायबरचं, म्हणजे गंजायला पत्राच नाही. नाक मुंगसासारखं निमुळतं. रायपुरातली सगळी गुढियारी वस्ती तिला साबणदानी म्हणायची. यंदा दसऱ्याला मात्र नवा रायपुरातल्या जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाचं तिला बोलावणं आलं.

"यशवंतराव, पूजा तुमीच करा," असं शेजाऱ्याला सांगून नरहरी आंघोळीला गेला.

यशवंतरावांची उभी नोकरी रेल्वेच्या इंजिन शेडात झालेली. तिथं दसऱ्याचा नारळ इंजिनाच्या तोंडाशी असलेल्या लोखंडी बफरवर फोडत. हळदकुंकू झालं, डोळे मिटले, हात सवयीनं उठला. नारळ फुटला. गाडीचं नाकही फुटलं, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत.

यशवंतरावांनी भेगेवर झेंडूचा हार चढवला. मग पुरावा नको म्हणून अख्खं खोबरं उभ्या उभ्या खाल्लं आणि करवंट्या खिशात कोंबल्या.

"वा! हार काय शोभून राहिला!" नरहरी म्हणाला. प्रदर्शनाच्या वाटेत म्हणाला, "माह्या पोट्ट्यालेही मी हिले हात लावू देत नाही. तुमची गोष्ट अलग हाय."

यशवंतरावांनी खिशातल्या करवंट्या आणखी आत ढकलल्या.

प्रदर्शनात परीक्षक बाई आल्या. "अंकल, हार हटाइए ना. नाक ही तो इसकी जान है."

नरहरीचा हात पुढे गेला. यशवंतरावांनी तो धरला. "सणाचा हार सूर्य मावळेपर्यंत काढत नाहीत." ही रूढी त्यांनी त्याच क्षणी सुरू केली.

"मग राहू द्या, बाई," नरहरी पडेल आवाजात म्हणाला. बाई शेजारच्या गाडीकडे वळल्या. नरहरी त्यांच्या पाठीकडे बघत राहिला.

ते काही यशवंतरावांना बघवेना. त्यांनी स्वतःच हार उतरवला.

नरहरीनं भेगेवरून बोट फिरवलं. "नारळ?"

"हव."

"शेडातल्यासारखा?"

"हव."

नरहरीनं हात पुढे केला. "मग प्रसाद कुठं हाय?"

यशवंतरावांनी खिशातून करवंट्या काढल्या.

इतक्यात एक जण वाकून बघत म्हणाला, "प्लास्टिक है, टूटेगा ही."

नरहरीचा चेहरा कसनुसा झाला. त्यानं हार यशवंतरावांच्या गळ्यात घातला आणि त्यांना गाडीशेजारी उभं केलं. "सांगा आता सगळ्याइले. गाडीची काही चूक नाही म्हणा."

दिवस मावळेपर्यंत यशवंतराव हार घालून, हातात करवंट्या धरून, येईल त्याला सांगत होते, "गाड़ी अच्छी है, भैया. मैंने फोड़ी."