तेलखडूचा दोरा

वयाची साठी उलटली तरी ताईच्या तोंडी ती अजून चिमणीच होती. ही चिमणी चाळीस वर्षं जलरंगात चित्रं काढत आली होती. शाळांसाठी फुलापानांचे तक्ते, पुस्तकांची मुखपृष्ठं, आणि त्यातून वेळ उरलाच तर स्वतःसाठी एखादी खिडकी, एखादी बादली, दोरीवर वाळणारी चादर. तिच्या चित्रकलेच्या शिक्षणाचा खर्च ज्या शिलाई मशीनवर निघाला, ते मशीन अजून बाहेरच्या खोलीत खिडकीशी उभं होतं, आणि ते चालवणारी ताईसुद्धा जागची हलली नव्हती. दहा वर्षांपूर्वी ताईची दृष्टी हळूहळू मंदावत गेली आणि पुरती गेली. त्याचं रडगाणं तिनं कधी गायलं नाही. रोज सकाळी देवाचं नाव घ्यायची, मशीन पुसायची, तेलाचे दोन थेंब सोडायची आणि उशांचे अभ्रे शिवायला बसायची.

"सरळ शिलाईला डोळे कशाला लागतात?" म्हणायची. "देवानं बोटं ठेवलीत की."

रीळ अडकवण्यापासून दोरा खाली आणण्यापर्यंत सगळं तिचं तीच करायची. सुईच्या नाकातून दोरा ओवायला मात्र हाक यायची, "चिमणे, ये गं." चिमणी यायची, दोरा ओवायची, जायची.

चिमणीच्या मनात एक सल होता. ताईनं तिच्या एकाही चित्राला कधी नावं ठेवली नव्हती. डोळे होते तेव्हाही 'छान', गेल्यावरही 'छान'. चित्र पुरं झालं की चिमणी ते ताईपुढे धरून त्यात काय आहे ते सांगायची, आणि ताई मान हलवून म्हणायची, "छान झालंय." या 'छान'नंच चिमणीला पोसलं होतं, हे ती विसरली नव्हती. पण पोटभर खाल्ल्यावरही कधीकधी जिभेला तिखट हवंसं वाटतं ना, तसं व्हायचं. चार वर्षांपूर्वी एकदा तिला काय दुर्बुद्धी सुचली कोण जाणे. तिनं कोरा कागद ताईपुढे धरला आणि म्हणाली, "झालं बघ चित्र."

ताई म्हणाली, "छान झालंय."

त्या दिवसापासून चिमणीनं तिला चित्र दाखवणं बंद केलं. राग ताईचा नव्हता, स्वतःचीच लाज वाटत होती. ताईनंही विचारलं नाही.

मग एका सुट्टीत भाची आली ती एक चपटी पेटी घेऊन. आत चोवीस जाडसर कांड्या, लहान मुलाच्या बोटाएवढ्या.

"मावशी, ऑइल पेस्टल. तू कधी वापरले नाहीस ना?"

"तेलखडू," चिमणी म्हणाली. "या वयात आता खडू धरू?"

आतून ताई म्हणाली, "तेल म्हणतेस तर उरलेलं माझ्या मशीनला दे."

दुसऱ्या दिवशी चिमणीनं नेहमीसारखं टेबल लावलं. कागद, फडकं, पाण्याचं भांडं. पिवळी कांडी उचलली आणि चाळीस वर्षांच्या सवयीनं सरळ पाण्यात बुडवली. बाहेर काढली तर पाण्याचे थेंब तिच्यावरून घरंगळून गेले, कांडी कोरडीच्या कोरडी. भाची हसून हसून खुर्चीवरून घसरायची बाकी होती. "मावशी, अगं, ते तेल आहे."

"काय झालं?" ताईनं विचारलं.

"मावशीनं खडूला आंघोळ घातली."

पहिले दोन कागद फुकट गेले. उजेडासाठी कागद कोरा राखून ठेवायचा, हे चिमणीच्या हाडीमासी खिळलेलं. जलरंगात एकदा गडद झालं की संपलं, मागे फिरायला वाट नाही. तिसऱ्या कागदावर चुकून काळ्याचा मोठा थर बसला. आता काय जायचंय, म्हणून तिनं त्यावर पांढरी कांडी जोर देऊन ओढली, आणि काळ्यावर पांढरं उमटलं. ती बघतच राहिली. चूक झाल्यावरही उजेड वरून देता येतो, हे एवढ्या वर्षांत तिला कोणी सांगितलं नव्हतं. हात जोडावेत असं वाटलं, पण हात रंगानं बरबटलेले. तिनं मनातच जोडले.

मग तिनं त्या पांढऱ्या रेघेवरून बोट फिरवलं. रेघ बोटाला लागली. डोळे मिटून पुन्हा फिरवलं, तरी लागली. इथे वर, इथे खाली, इथे वळली.

चिमणीनं डोळे उघडून ताईकडे बघितलं.

पुढचे आठ दिवस तिनं मोठ्या कागदावर ताईचं मशीन काढलं. काळं अंग, उजवीकडे चाक, वर रीळ, पुढे दोरा ताणून धरणारी चकती. प्रत्येक कड थरावर थर देऊन उचलून घेतली, आतला भाग नखानं खरवडून खोल केला. शेवटी रिळापासून सुईपर्यंत निळा दोरा, काळ्यावर घट्ट दाबून काढलेला. चित्र जमलं होतं, एवढं तिला कळत होतं. पण हे बोटांनी वाचूनही ताई 'छान'च म्हणाली, तर पुढे काय करायचं, ते कळत नव्हतं.

नवव्या दिवशी सकाळी तिनं ताईला टेबलाशी बसवलं. काय काढलंय ते या वेळी सांगितलं नाही. फक्त म्हणाली, "ताई, हात लाव."

"पुसलं जाईल ना गं? पोरगी म्हणत होती, हे कधी पुरतं वाळत नाही."

"जाऊ दे पुसलं. लाव तू."

ताईचं बोट कागदावर टेकलं, थबकलं, मग चाकाच्या गोलावरून फिरलं. ओठ हलले. "चाक," ती पुटपुटली. बोट अंगावरून सरकत रिळापाशी गेलं, तिथून दोऱ्यावर आलं आणि दोरा धरून खाली उतरायला लागलं. बोट सुईपर्यंत गेलं. परत वर आलं. पुन्हा खाली. ताईच्या कपाळावर आठी पडली.

"हे काय केलंस?"

"काय?"

"दोरा चकतीतून थेट सुईत नेलास. वरखाली होतो तो दांडा कुठाय? त्याच्या भोकातून दोरा गेला नाही तर पहिल्याच टाक्याला गुंता होईल. जन्म गेला या मशीनशेजारी, एवढं दिसलं नाही तुला?"

चिमणी खाली बसली. खरंच नव्हतं दिसलं. ती यायची ती फक्त सुईच्या नाकापुरती. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि हसूही आवरेना.

"रडतेस कशाला? चुकलं ते सांगितलं."

"सांग, अजून सांग," चिमणी म्हणाली. मग न राहवून बोलून गेली, "ताई, मी एकदा तुला कोरा कागद दाखवला होता."

"माहीत आहे."

"माहीत होतं?"

"ओल्या रंगाचा वास नाही, कागद फुगलेला नाही. मी काय नाकानंही आंधळी आहे?"

"मग छान कशाला म्हणालीस?"

"कागद छान होता," ताई म्हणाली. "आणि तू दाखवत होतीस. तेवढं मला पुरत होतं. दे आता ती निळी कांडी."

चिमणीनं कांडी तिच्या हातात दिली. ताईनं डाव्या बोटानं चकती शोधली, तिथून दोरा वर नेला, दांड्याच्या जागी एक वळसा दिला आणि खाली सुईपर्यंत आणला. रेघ थोडी थरथरली होती. जुना दोरा तिच्या तळव्यानं फासटून मशीनच्या अंगावर निळी धूळ उडाल्यासारखा पसरला होता.

"हं. आता चालेल," ताई म्हणाली, आणि निळी बोटं फडक्याला पुसत उठली. "चल, ओवून दे. अभ्रे राहिलेत."

चिमणी मशीनपाशी गेली. सुईत दोरा ओवण्याआधी तिनं मान वर करून, पहिल्यांदाच, तो कुठून येतो ते नीट बघितलं. रीळ, चकती, दांड्याचं भोक. देवा, किती दिलंस, ती मनात म्हणाली, आणि वाकून दोरा ओवला.