पिवळ्या बाळाच्या पुड्या

"ताई, डाक्टरना म्होरे कॉलेजमा शिकेल काही बोलू नका. त्यास्ले राग यी," धुण्याभांड्याला येणाऱ्या द्रौपदाबाईनं धुळ्याच्या त्या दवाखान्याच्या पायरीवर बजावलं होतं. कुसुमलतानं ते मनावर घेतलं नाही. राग आला तर आला! द्रौपदाबाईच्या लेकीचं, बायजाचं, चार दिवसांचं बाळ हळदीसारखं पिवळं पडलेलं, वर बेंबी चिघळलेली, आणि डॉक्टर कंपाउंडरला सांगत होता, "लोटन, बेंबीच्या पूवर सल्फाच्या पुड्या बांध."

"सल्फा नको!" कुसुमलता ताडकन उठली. तिच्या कडेवरची पोर दचकली.

पुण्याला एमएस्सी करताना सल्फा रक्तात काय करतं हेच तिनं तपासलं होतं. चमकणाऱ्या रंगाचे कण पाण्यात सुटे असले की भिंगरीसारखे गरगरतात. त्यांचा प्रकाश वाट्टेल त्या दिशेला फाकतो. तेच रक्तातल्या प्रथिनाला चिकटले की हळू फिरतात, प्रकाश एक दिशा धरून राहतो. त्यात सल्फा टाकलं की यंत्राचा काटा घसरायचा: सल्फानं जागा बळकावली, रंग सुटला. काविळीचा पिवळा रंगही असाच प्रथिनाला धरून असतो. सुटला तर तान्ह्याच्या थेट मेंदूत जातो.

तिनं हे सगळं सांगितलं. डॉक्टरनं चष्म्यावरून पाहिलं. "काय बाई, काचेच्या नळीत पोरं वाढवता वाटतं?"

बाकावरचे लोक हसले.

"सल्फाऐवजी निदान पेनिसिलिन तरी द्या!"

"आता औषधही तुम्हीच सांगा! लोटन, जास्तीच्या बांध रे."

हट्ट, निव्वळ हट्ट, आणि तोही कोणाच्या जिवावर! पुडीवर ना नाव ना खूण. आत काय आहे हे आईला कळायची सोयच नाही.

बाहेर येताच तिनं त्या पुड्या गटारात टाकायला लावल्या. "सांगेल व्हतं ना तुमले," द्रौपदाबाई पुटपुटली, पण टाकल्या. सकाळी बाळाला सिव्हिलला न्यायचं ठरलं.

सकाळी द्रौपदाबाई रडतच आली. पहाटे जावई सुपडू आला होता. "डॉक्टरचं औषध फेकता?" म्हणून सासूवर खेकसला, लोटनला उठवून नव्या पुड्या घेतल्या आणि बायजाला, बाळाला शिरपूरच्या एसटीत बसवून घेऊनही गेला.

कुसुमलता निघालीच होती. "आपल्या पोरीला ताप आहे, तिला कुठं टाकून जातेस?" नवऱ्यानं, प्रकाशचंदनं, दार अडवलं.

शिरपूरला जाता येईना, म्हणून ती धुळ्याच्या स्टँडवर येईल त्याला सांगत सुटली आहे, तुम्हालाही सांगते आहे. शिरपूरकडे जात असाल तर मारुतीच्या देवळामागे सुपडूचं घर विचारा. बाळ दूध ओढतं का, मान मागे ताणतं का, ते बघा; दूध सोडलं, मान ताणली तर रंग मेंदूत चढतोय. आणि कोनाड्यात पुड्या दिसल्या तर आधी त्या उचला, मग भांडा.