पान कुणाचं

निपाणीच्या हायस्कुलातून ग्रंथपाल म्हणून निवृत्त झालेल्या आण्णाप्पांनी आयुष्यात एकदाही स्वतःचं नाव कशावर छापू दिलं नव्हतं. त्याच भिडेपायी हा घोळ झाला.

त्यांची पुतणी उपासना बेळगावात सॉफ्टवेअरचं काम करते. सहा वर्षांपूर्वी तिनं आणि आणखी चौघांनी मिळून फोनसाठी एक मराठी कीबोर्ड केला. फुकट आणि मोकळा. कुणीही वापरावा, उघडून बघावा, बदलावा. फक्त बदललेलं तसंच मोकळं ठेवावं, एवढी एकच अट. आण्णाप्पांनी त्यासाठी या भागातले अकराशे शब्द दिले. विड्या वळणाऱ्या बायकांच्या ओसरीवर बसून त्यांनी वहीत एकेक शब्द उतरवला होता, शेजारी सांगणारीचं नाव. पण यादी चढवायची वेळ आली तेव्हा म्हणाले, "माझं नाव नको गं. चुका निघाल्या तर? तुझंच घाल."

आता बेंगळुरूच्या एका कंपनीनं तो कीबोर्ड विकत घेतला होता. तिला मोकळेपणाची अट काढायची होती, आणि त्यासाठी काम केलेल्या प्रत्येकाची संमती लागत होती. बाकी साऱ्यांनी दिली. उपासनाचीच राहिली होती.

"सही केली तर पुढचं सगळं कंपनीच्या कुलपात," रविवारी येऊन ती म्हणाली. "नाही केली तर कंपनी हे अकराशे शब्द काढून टाकणार. जुना कीबोर्ड मोकळाच राहतो, पण त्याला सांभाळणारं कुणी उरलं नाही. काका, नाव माझं असलं तरी शब्द तुमचे. तुम्हीच सांगा."

"माझे कुठले? मी नुसता लिहून घेणारा," म्हणत आण्णाप्पांनी वही उचलली आणि सोनुबाईचं घर गाठलं. वहीत तिचं नाव सगळ्यांत जास्त होतं.

सोनुबाई मांडीवर सूप घेऊन विड्यांसाठी तेंदूचं पान कातरत होती. शेजारी विड्या वळत नागुबाई.

"या आण्णा. आज कुठले शब्द पळवायला आलायसा?"

आण्णाप्पांनी अडखळत सगळं सांगितलं. सोनुबाईनं कात्री खाली ठेवली.

"कारखान्याची इडी मालकाची का असती? पान त्येचं, तंबाखू त्येचा, आमचा नुसता हात. व्हय का न्हाय?"

"होय."

"ह्या कंपनीनं पान दिलतं?"

"नाही."

"तंबाखू?"

"न्हाय," आण्णाप्पांच्या तोंडून तिचीच बोली निघाली.

"मग इडी त्येची कशी झाली?"

"पण सोनुबाई, नाही म्हटलं तर तुमच्या फोनवर 'आलतो' लिहिलं की पुन्हा 'आलो होतो' होणार."

सोनुबाईनं शेजारच्या फोनकडं पाहिलं. पुण्याच्या लेकाला ती रोज त्याच बोलीत चार ओळी लिहायची.

"जुना हाय न्हवं?"

"आहे. पण कुणीतरी नाव लावून सांभाळायला पाहिजे. रोज चुका दुरुस्त करायच्या..."

"मग लावा की तुमचं. लाजायचं वय हाय व्हय हे?"

"चुकलं तर आमी छाट काढू," नागुबाई म्हणाली, आणि दोघी खो खो हसल्या. वाईट म्हणून कारखाना विड्या बाजूला काढतो ती छाट. जन्मभर त्यांच्या विड्यांची निघत आली होती. दुसऱ्याची काढायची संधी पहिल्यांदाच चालून आली होती.

आण्णाप्पांनी घाम पुसला. तिथूनच फोन लावला. "उपासना, सही करू नकोस. आणि जुन्याला... माझं नाव घाल. खाली या सगळ्यांची."

महिनाभरात कंपनीच्या कीबोर्डातून अकराशे शब्द गेले. जुना वापरणारे जेमतेम चाळीस उरले. उपासनानं तो सोनुबाईच्या फोनवर बसवून दिला. त्याच्या पहिल्या पानावर आण्णाप्पांचं नाव होतं, खाली शब्द सांगणाऱ्या बायकांची यादी. आण्णाप्पांना स्वतःचं नाव बघवेना, म्हणून ते पान झटकन खाली सरकवत.

आठवड्यानं सोनुबाईचा मेसेज आला. "आण्णा, नागूचं नाव दोनदा आलंय. माझं एकदाच. छाट."

आण्णाप्पांनी यादी उघडली. खरंच होतं. चष्मा पुसून ते दुरुस्तीला बसले.