कानसेनची वेगळी लाइन

भुणभुण कुणाच्या घरात नसते? पण म्हणून कुणी भिंती फोडत बसत नाही. हे कानसेनला सांगणार कोण? त्याची उभी हयात ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत गेली. गाणाऱ्याने श्वास कुठे चोरला, कोपऱ्यातल्या वादकाची खुर्ची कधी कुरकुरली, सगळं याला काचेआडून कळायचं. स्टुडिओतली माणसं म्हणायची, तानसेन पुष्कळ भेटतील, कानसेन हा एकच. नाव चिकटलं ते चिकटलंच, आणि खरं सांगायचं तर त्यालाही ते मनापासून आवडायचं.

निवृत्त झाल्यावर त्याने घरातली एक खोली रिकामी केली आणि आयुष्यभर मनात धरलेला म्युझिक सेट एकदाचा आणला. अँप्लिफायर एवढा जड की दोघांनी धरून ठेवावा लागला. स्पीकर त्याच्या छातीपर्यंत येणारे. हे सगळं कशासाठी? गाण्यासाठी, असं आपल्याला वाटेल. तसं नाही. त्याला हवी होती पहिला सूर येण्याआधीची शांतता. ती निखळ असली की मग सूर कसा उगवतो ते कळतं, असं तो भेटेल त्याला ऐकवायचा.

आणि नेमकी तीच मिळेना. खुर्चीत बसून डोळे मिटले की बारीक भुणभुण. झालं, धरपकड सुरू झाली. आधी फ्रिज दोषी ठरला. हा ऐकायला बसला की फ्रिज बंद. दूध नासलं तर नासलं. मग ट्यूबलाइट गेली, पंख्याचा रेग्युलेटर गेला. बायकोच्या शिलाई मशीनला मोटर होती, ती विजेच्या लाइनमध्ये खरखर सोडते म्हणाला. चार घरचे कपडे शिवणारी बाई, तिने मशीन भावजयीकडे पोचतं केलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. सुरुवातीला एकदा ती म्हणाली होती, "अहो, मला तर काहीच ऐकू येत नाही." त्यावर हा म्हणाला, "तुझे कान कुकरच्या शिट्ट्या मोजण्यापुरते." त्यानंतर तिने तो विषय काढला नाही.

शेवटी त्याने मेहुण्याला बोलावलं. बायकोचा धाकटा भाऊ, इलेक्ट्रिशियन, कामाला चोख आणि तोंडाने फटकळ.

"मेन बोर्डापासून या खोलीपर्यंत वेगळी लाइन टाक," कानसेन म्हणाला. "मध्ये कुठे जोड नको. तिच्यावर सेटशिवाय दुसरं काही नको. आणि अर्थिंगही वेगळी, अंगणात खड्डा घेऊन."

"लाइन देतो. अर्थिंग घराची आहे तीच राहील, भाऊजी. दोन वेगळ्या अर्थिंग ठेवल्या आणि उद्या शॉक बसला, तर शांतता मिळेल खरी, पण ती ऐकायला तुम्ही नसाल."

कानसेन कुरकुरला. काम मात्र मेहुण्याने दृष्ट लागण्यासारखं केलं. जाड वायर पाइपातून एकसलग आणली, बोर्डात तिचा स्वतंत्र स्विच बसवला, सेटच्या सगळ्या यंत्रांची अर्थिंग एकाच जागी बांधली. भिंतीतली खाच बुजवून हात धुतले. कानसेनने सेट लावला, खुर्चीत बसला, डोळे मिटले. घरभर कुणी श्वास घेईना.

"आहे," तो म्हणाला.

मेहुण्याने स्पीकरला कान लावला. मग बहिणीकडे पाहिलं. तिने नुसती मान हलवली, नाही म्हणून.

"आपण एकेक तपासू," मेहुणा म्हणाला. "मी बोर्डापाशी उभा राहतो. एकेक स्विच खाली पाडून बंद करतो आणि विचारतो. तुम्ही डोळे मिटूनच बसा, इथून सांगा."

असं इलेक्ट्रिशियनच्या धंद्यात करतातच. ज्या स्विचला आवाज थांबेल, खोट तिथे.

"स्वयंपाकघर पाडलं. आहे?"

"आहे."

"झोपायची खोली. आहे?"

"आहे."

"बाहेरचे दिवे, गीझर. आहे?"

"आहे रे, तशीच आहे." कानसेनचा आवाज चढला होता, पण त्यात उमेदही होती. चोर आता कोपऱ्यात सापडला, असंच त्याला वाटत होतं.

आता बोर्डात एकच स्विच वर राहिला होता, नव्या लाइनचा. मेहुणा त्यावर बोट ठेवून थांबला. दाराशी उभ्या बहिणीने त्याच्याकडे पाहिलं. त्याने स्विच पाडला. खट् झालं, तसं आधीही प्रत्येक वेळी झालंच होतं. अँप्लिफायरचा दिवा विझला. घरात विजेवर चालणारं काही उरलं नाही.

"आहे?" त्याने विचारलं.

"आहे," कानसेन म्हणाला.

पुढचा प्रश्न आला नाही. त्याने वाट पाहिली, मग डोळे उघडले. समोर दिवा विझलेला. त्याने प्लगकडे पाहिलं, बोर्डापाशी उभ्या मेहुण्याकडे पाहिलं. मेहुणा खाली बघत होता.

"शेजारी कुणाचा तरी पंप चालू असेल," कानसेन म्हणाला.

मग त्याने दोन्ही हातांनी कान झाकले, घट्ट. भुणभुण मोठी झाली. काखेत कळसा आणि गावाला वळसा, असं म्हणून आपण एरवी हसलो असतो. त्या वेळी त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. ज्या कानांवर तो जन्मभर जगला, ज्यांच्या जिवावर त्याने साऱ्या जगाला खोटं ठरवलं, तेच फितूर निघाले होते.

मेहुणा हत्यारं गोळा करून निघून गेला. बायको आत येऊन स्टुलावर बसली.

"तुला माहीत होतं?"

"तुम्ही झोपेतून उठून म्हणायचात, टीव्ही बंद कर. टीव्ही बंदच असायचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही वायरींवर रागावत होतात, माझ्यावर रागावत होतात, तोवर निभत होतं. आता कुणावर रागावाल?"

"डॉक्टर काही करतील?"

"विचारू ना आपण," ती म्हणाली, पण दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

त्याने स्पीकरकडे पाहिलं. मग अगदी हळू, जन्मात कधी कुणाकडे काही मागितलं नसेल तसं, म्हणाला, "अगं, आता सगळं बंद आहे ना? मग जरा ऐक. ऐकून सांग मला, ती शांतता कशी वाटते ते."

तिने मान कलती करून कान दिला. खूप वेळ ऐकलं. सांगण्यासारखं तिला काही सापडेना, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला.