येते गं

“येते गं,” म्हणत घरी निघालेल्या मावशीनं धुलाईखान्याचं दार बाहेरून ओढून घेतलं, आणि आतून झेप घेऊन मुकीनं तिच्या हाताला कडकडून चावा घेतला.

इस्पितळाच्या चादरी धुणाऱ्या त्या खोलीत मुकी नवीन होती. बोलत नाही म्हणून मुकी. कुणीतरी घरकामाला म्हणून नेलं आणि वर्षानुवर्षं कोंडून ठेवलं होतं तिला. एकदा कडी नीट बसली नाही, तशी अनवाणी पळाली. पाखरू सुटलं, पण पिंजरा अंगावर घेऊनच.

चाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुकी काम सोडायचं सांगायला आली. मावशीच्या हाताला पट्टी होती. मुकीची मान वर होईना.

“मावशे, पिसाळलेलं नाही ना गं?” इस्त्रीवाला हसला. “इस्पितळातच आहेस, सुया टोचून घे!”

“आधी तुझ्या जिभेला टोच, मेल्या!”

मुकीला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं.

“तो... येतो म्हणायचा,” ती कशीबशी बोलली. “रोज. गोड आवाजात. मग बाहेरून कडी.”

इस्त्री थांबली. इस्त्रीवाल्यानं उगाच खिडकीबाहेर पाहिलं.

“अगं बाई,” मावशी खाली बसली. “जाते म्हणू नये म्हणून येते म्हणतो गं आपण. एवढंच.” मग पट्टी सारखी करत म्हणाली, “बरं, तुझ्यापुरतं जाते म्हणेन. पिकलं पान मी, माझं काय अडतंय?”

“नको, असं अभद्र नको! मीच जाते, मावशी. काम सोडते.”

“आणि या चादरी कोण, तुझा सासरा घडी घालणार? हात तू निकामी केलास. धर टोकं.”

दोघी समोरासमोर उभ्या राहिल्या. एरवी मुकी चादरीचं टोक हनुवटीखाली दाबून एकटीच घडी घालायची. आता चालत जवळ जायचं, टोकं मावशीच्या हातात द्यायची, खाली वाकून दुमड उचलायची. जवळ गेली की तिची नजर पट्टीवर पडे आणि पावलं अडखळत.

तिसऱ्या चादरीवर लाल ठिपका उमटला. पट्टी ओली झाली होती.

मुकीचा चेहरा उतरला. तिनं घडी मोडली, चादर नळाखाली धरली आणि डाग चोळू लागली. चादर लांब होती. जमिनीवर लोळू नये म्हणून मावशी दुसरं टोक चांगल्या हातात धरून तिच्या मागे उभी राहिली.

एरवी पाठीशी कुणी आलं की दचकून वळणाऱ्या मुकीनं या वेळी वळून पाहिलं नाही. चोळत राहिली.