बिजलीबाईच्या पोटरीतली तंतुकणिका

देवसिंगाची एक खोड मला मुळीच खपत नाही. आईच्या पायाचा मान सांगतो आणि काम बैलाचं करून घेतो.

मित्रांनो, मी एक जुनी तंतुकणिका, म्हणजे पेशीतलं मायटोकॉन्ड्रियन, आहे. नेरजवळच्या तांड्यातल्या बिजलीबाईच्या पोटरीत माझं घर. डोळ्यांना दिसणार नाही एवढी मी लहान, पण स्नायूला ताकद पुरवते ती मी आणि माझ्या बहिणी. आमचं घराणं आईकडूनच चालतं. देवसिंगाच्या पायात राबतात त्याही आमच्याच घराण्यातल्या, याच बाईनं, त्याच्या आईनं, त्याला दिलेल्या.

पाऊल टाकायचा हुकूम आला की स्नायूच्या कोठारातून कॅल्शियम सुटतं आणि धागे आवळतात. कॅल्शियम परत कोठारात ढकललं, तरच धागे सैल पडतात. ढकलणाऱ्या पंपांना आमचीच ताकद लागते. थोडं कॅल्शियम मी माझ्या पोटातही घेते. त्यानं माझी भट्टी जोरात पेटते. पण पोटाला मर्यादा असते, बाबांनो. फार साचलं तर मीच मोडते.

पहिल्या बंडीतला, म्हणजे बैलगाडीतला, कापूस घरच्या म्हातारीनं दोन-चार पावलं तुडवायचा, असा त्या घरचा रिवाज; तोच तिच्या पायाचा मान. यंदा बोंडअळीनं शेत खाल्लं, एकच बंडी भरली. मग मजूर कशाला, म्हणून देवसिंगानं सगळाच कापूस आईकडून तुडवून घेतला. तीही मानी बाई; नको म्हणाली नाही.

"दाब याडी, दाब! अजून लय जागा हाये," देवसिंग खालून आईला ओरडला.

"पानी तर दे, मेल्या!"

"उतरल्यावर पे ना. कायले सोंग करतं? तिकडं बाजारात गाड्या लागून राह्यल्या."

मी जीव तोडून राबले. पण ताकद पुरेना, कॅल्शियम वेळेवर कोठारात जाईना. आवळलेले धागे सैल पडायला उशीर करू लागले. पोटरी लाकडासारखी झाली. पाऊल हवं तेव्हा उचललं नाही आणि बिजलीबाई बंडीच्या काठावर कलंडली. खाली नुसते दगड! कडेचं लाकूड हाती लागलं, म्हणून वाचली.

देवसिंग पाण्याचा गडवा घेऊन धावला.

ती कापसावरच बसली, सावकाश पाणी प्याली. मित्रांनो, राबणाऱ्या पायाला थोडं थांबू द्या. तो आळस नसतो. तेवढ्यात आम्ही आमचं घर आवरतो. हळूहळू धागे सुटले. पोटरी मऊ झाली. बिजलीबाई खाली उतरली आणि लेकासमोर उभी राहिली.

"देवसिंग, कापूस पायानं दबते, तोंडानं नाही. चढ वर! अन् थकला की सांग. मी तुले पानी पाजीन, सोंग नाही म्हननार."