कावळ्यासमोर दिलेला शब्द

सगुणा गेली त्या दिवशी दयाराम अंगणात ट्रकची फाटलेली ताडपत्री शिवत बसला होता. जीवन योगाच्या क्लासमधून पळत आला नि म्हणाला, "बाबा, आय उठत न्हाय."

"शवासनात झोप लागली असंल. रोजच घोरते ती तिथं," दयाराम म्हणाला आणि दाभण ओढलं.

"आज घोरत पण न्हाय."

तेव्हा दयारामनं ताडपत्री टाकली.

तिचं हृदय बंद पडलं होतं. शेवटचं आसन करताना, चटईवर, लेकाच्या शेजारी. योग शिकवणाऱ्या मृणालीबाईंना वाटलं, नेहमीसारखा डोळा लागलाय.

जीवन तिशीतला. कॉलेजात असताना त्याला नसलेले आवाज ऐकू यायला लागले, तेव्हापासून अलिबागच्या डॉक्टरांची गोळी चालू होती. त्यांनीच सांगितलं होतं, "गोळी सुटता कामा नये. जोडीला योग करू दे, झोप सुधारेल." एकटा जाईना म्हणून सगुणा सोबत जायची. घरी आल्यावर चहा, चहाबरोबर गोळी. त्यातून पोरगा सावरला होता, बाजारातून मासळी आणायचा, चार माणसांत बसायचा. दयाराम मात्र चेष्टा करायचा. "चालली मायलेकरं चटईवर लोळायला!"

सगुणा गेली आणि सगळं बिनसलं. क्लास नाही म्हणून चहा नाही, चहा नाही म्हणून गोळी नाही. जीवन पुन्हा रात्र रात्र जागायला लागला, भिंतीशी बोलायला लागला. दयारामनं गोळी भातात दडवली, तर त्यानं ती माशाच्या काट्यासारखी शोधून ताटाच्या कडेला ठेवली.

दहाव्याला रेवदंड्याच्या खाडीवर पिंड ठेवला. कावळे झाडावर बसलेले, पण एकही खाली येईना. भटजी हरेश्वर घड्याळ बघायला लागले.

"दाजी, तिच्या मनात काय तरी ऱ्हायलंय. बोला काय तरी," सगुणाची बहीण नीराबाई म्हणाली.

"दारू सोडतो," दयाराम म्हणाला.

कावळे ढिम्म.

"त्यांना पण खरं वाटत न्हाय," नीराबाई म्हणाली.

"तुझ्या बांगड्या नीराला देतो."

नीराबाईनं आशेनं झाडाकडं बघितलं. एका कावळ्यानं तोंड फिरवलं.

मागून जीवन म्हणाला, "क्लासचं सांगा तिला."

"तुला क्लासला नेतो, असंच ना? नेतो."

"नुसतं नेऊन न्हाय चालणार. आय करायची तसं तुम्ही पण करायचं."

"मी? या वयात? गुडघे बघितलेस काय माझे?"

ऊन चढलं होतं. भुकेजलेली माणसं दयारामकडं बघत होती. तो पिंडाकडं वळून पुटपुटला, "करीन बाई. याच्या शेजारी बसून करीन."

कावळा खाली आला.

"झालं!" हरेश्वर म्हणाले. "आता मागं फिरायचं न्हाय हां, दयारामशेठ. कावळ्यासमोर बोललायत."

सगुणाचीच चटई घेऊन दयाराम क्लासला गेला. आयुष्य ट्रकच्या सीटवर काढलेलं, मांडी घालायला गेला तर गुडघे कानाशी आले.

"काका, डोळे मिटा," मृणालीबाई म्हणाल्या.

"ड्रायव्हरला सांगता डोळे मिटायला?"

"बरं, श्वास तरी हळूहळू सोडा."

दयारामनं श्वास सोडला तो एअर ब्रेक सुटावा तसा. पुढची म्हातारी दचकून बाजूला सरकली. शेजारून खुदकन आवाज आला. जीवन हसत होता, आई गेल्यापासून पहिल्यांदा.

"हळू बाबा. घाट न्हाय हा."

घरी येऊन दयारामनं चहा केला. साखर भलतीच पडली. जीवननं तोंड वाकडं केलं, पण त्याच चहाबरोबर गोळी घेतली.

आता दोघं रोज जातात. जीवनला झोप लागते. डॉक्टरांनी गोळी तशीच चालू ठेवलीय. दयारामचे हात नडगीपर्यंत पोचतात आणि वज्रासनात तो शिव्या न देता बसतो.

शेवटी मृणालीबाई सगळ्यांना आडवं व्हायला सांगतात. सगळे होतात, जीवनसुद्धा. दयाराम बसून राहतो, पोराची छाती खालीवर होतेय ना ते बघत. मृणालीबाई त्याच्या चटईला वळसा घालून पुढं जातात.

परवा जीवनच म्हणाला, "बाबा, हे एक ऱ्हायलंय. कावळ्याला कळंल."

"कळू दे," दयाराम म्हणाला.

बाकीची आसनं तो करतो, जमतील तशी. शवासन अजून राहिलंय.